खरोसा लेणी, व्हाया सगळे नातेवाईक

त्या आठवड्यात आमच्या नांदेडच्या घरातला फ्रिज हा नंदी होता, गॅसची शेगडी हे गर्भगृह आणि डायनिंग टेबलाचे पाय हे सभामंडपाचे खांब. मी लाटण्यानं खांबांवरचं नक्षीकाम दाखवत होतो आणि बायको कणीक मळता मळता पर्यटक झाली होती.

"आता आपण सभामंडपातून आत जाऊ," मी म्हटलं.

"लाटणं ठेवा आधी. पोळ्या कशानं लाटू?"

"पर्यटकांनी प्रश्न शेवटी विचारायचे."

"हाव का? मग एकच विचारते. तिथं विहीणबाईंसाठी बाथरूम हाय का?"

माझ्या तयारीत चालुक्य होते, यादव होते, जांभा दगड होता. बाथरूम नव्हतं.

या तालमीच्या मागे आमची नात होती. मुलगा पुण्यात नोकरीला, सून पुण्याचीच, आणि नात नांदेडला यायची ती दोन दिवसांसाठी, परतीचं तिकीट काढूनच. येत्या मे महिन्यात तिनं पूर्ण महिना आमच्याकडे राहावं, एवढंच बायकोला हवं होतं. सून नाही म्हणाली नव्हती, पण होही म्हणाली नव्हती. "तिथं ऊन फार, आणि महिनाभर ती करणार काय? आईबाबा जानेवारीत तुमच्याकडे येतायत, ते बघून येऊ देत, मग ठरवू," असं तिचं म्हणणं. म्हणजे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होते, आणि ते पाहुणचाराला कमी आणि तपासणीला जास्त.

व्याह्यांना जुन्या देवळांचं वेड. फोनवर त्यांनी साळसूदपणे विचारलं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय काय आहे हो?" त्यातला 'काय काय' मला लागला. मी म्हणून गेलो, "एका दिवसात हिंदू देवळं आणि बौद्ध लेणी दोन्ही दाखवतो. मुखेडला महादेवाचं प्राचीन देऊळ, तिथून निलंगा, आणि शेवटी खरोसा. तिथं एकाच टेकडीत बुद्धही आहेत आणि शंकर-विष्णूही. गाइड लागणार नाही. मी आहे ना."

खरं सांगायचं तर मुखेडच्या त्या देवळात मी एकदाच गेलो होतो, तेही मुलाच्या लग्नाची पत्रिका देवापुढं ठेवायला. निलंगा ही माझी सासुरवाडी, त्यामुळे तिथलं देऊळ मी नेहमी जेवून झाल्यावर, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, गाडीच्या काचेतून पाहिलेलं. खरोसा लेण्यांना मी शाळेत असताना सहलीतून गेलो होतो. त्यातलं एवढंच आठवतं की माकडानं एकाचा डबा नेला होता.

पण वाचून, व्हिडिओ बघून मी तयार झालो. इतका तयार झालो की ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना, आणि मी सहलीचा नकाशा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नांदेड, मुखेड, उदगीरवरून निलंगा, खरोसा, आणि लातूरमार्गे परत. खाली लिहिलं, 'व्याह्यांसोबत वारसा दर्शन. मार्गदर्शक, अस्मादिक.'

बायको बाहेरून आली, तिनं मोबाइल बघितला आणि पिशवी हातात तशीच ठेवून खुर्चीवर बसली.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

तोपर्यंत अंगठे यायला लागले होते. मी ते कौतुक समजत होतो.

आमच्याकडचा नियम साधा आहे. नातेवाइकाच्या गावावरून जायचं असेल तर एक तर कळू द्यायचं नाही, नाहीतर घरी जायचं. मधला मार्ग नाही. त्यात सोबत नवे व्याही असले, तर त्यांना पहिल्यांदा दारात आल्यावर टॉवेल-टोपी, विहिणीची ओटी, आणि पोटभर खाणं. हे नाही झालं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशात नि लग्नात तो विषय निघतो.

मुखेडहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. "आण्णा, गावात येऊन राहिलेत म्हणं."

"अरे, फक्त देऊळ. उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या? व्याही घिऊन? लोक मला काय म्हंतील?"

त्याला कसंबसं पटवून फोन ठेवला, तर त्याच्या धाकट्या भावाचा आला. या दोघांचं शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे. धाकटा म्हणाला, "त्याच्याकडं जाणार आन माझ्याकडं न्हाई, असं नका करू. एवढंच म्हणतो." मी म्हटलं, कुणाकडंच जाणार नाही. यावर तो जरा खूश झाला, पण विश्वास त्यानं ठेवला नाही.

निलंग्याहून मेहुण्याचा फोन बायकोला आला. तिनं "हाव, हाव, बघू" म्हणत ठेवला आणि मला म्हणाली, "तो हुरड्याची तयारी करून राहिला शेतात."

मग मी डोकं चालवलं. ग्रुपवर जाहीर केलं की वेळेअभावी मुखेड आणि निलंगा रद्द, लातूरवरून सरळ खरोशाला जाणार. बायको म्हणाली, "खोटं पचंल का तुमाला?" मी म्हटलं, खोटं पचतंच, भीती काय ती जेवणाचीच.

व्याही आपल्या गाडीनं आले होते आणि गाडी तेच चालवणार होते. सकाळी निघालो. थंडी होती, रस्ता मोकळा होता, मी पुढच्या सीटवर बसून चालुक्यांची वंशावळ सांगत होतो. व्याही मान डोलवत होते. मागं विहीणबाई आणि बायको मे महिन्यातल्या कैऱ्यांवर बोलत होत्या. "आमच्याकडं पोरीला मोकळं खेळायला किती जागा हाय," बायको म्हणत होती. सगळं छान चाललं होतं.

मुखेडच्या देवळासमोर गाडी थांबली. मी उतरलो, घसा साफ केला आणि आत पाऊल टाकलं. नंदीच्या उजव्या हाताला सतरंजी अंथरून थोरला चुलतभाऊ सहकुटुंब बसला होता. डाव्या हाताला, पाठ करून, धाकटा. दोघांच्याही पुढ्यात झाकलेली पातेली.

"या आण्णा," थोरला म्हणाला. "रद्द झालं म्हंता, पण म्हटलं देऊळ बघायला आलात तर देवळातच याल. घरी बोलवायचंच न्हाई ना. इथंच बसू."

मी व्याह्यांना म्हटलं, "हे इथले स्थानिक भाविक." तेवढ्यात थोरल्यानं "पाव्हणं, जरा वाका" म्हणत त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि विचारलं, "नात कशी हाय?"

व्याही माझ्याकडं बघायला लागले.

मी बोलायला सुरुवात केली. "इथं पाहा, भिंतीवर मातृकांची रांग..." व्याही बघायला वळले, तर मध्ये धाकटा टोपी घेऊन उभा. पहिली टोपी काढली तर थोरल्याचा अपमान, दुसरी घातली नाही तर धाकट्याचा. व्याही सभ्य गृहस्थ. त्यांनी पहिलीवर दुसरी घातली. मग सुशीला आली. म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा नाष्टा. पुण्याच्या विहीणबाईंना वाटलं, सुशीला ही कुणीतरी बाई आहे आणि ती अजून यायची आहे. दोन्ही पातेल्यांतली सुशीला सारखीच खावी लागली, कारण दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नसले तरी एकमेकांचे चमचे मोजत होते.

निघताना व्याही मला हळूच म्हणाले, "त्या मातृका..."

"येताना बघू," मी म्हटलं. येताना आम्ही त्या रस्त्यानं येणारच नव्हतो.

उदगीर ओलांडलं. व्याही डोक्यावरच्या दोन्ही टोप्या सांभाळत गाडी चालवत होते. बायकोनं मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला. त्याचा अर्थ, काहीतरी बोला. मी यादवांवर आलो, पण पोटात दोन घरची सुशीला असताना यादव काही नीट बाहेर येईनात.

निलंग्याच्या देवळाच्या फाटकाशी मेहुणा मोटारसायकल आडवी लावून उभा होता. "दाजी, मुखेडहून फोन आलता, तुमी निघाल्याचा. देऊळ काय, हजार वर्षं हाय तिथंच हाय. हुरडा मात्र गार होतो."

"आधी पाच मिनिटं देऊळ," मी म्हटलं. माझा आवाज पहिल्यांदाच गाइडसारखा झाला होता. मी व्याह्यांना बाहेरच्या भिंतीपाशी नेलं. मूर्ती खरंच सुंदर होत्या, त्या मीही पहिल्यांदाच बघत होतो. व्याह्यांनी टोप्या काढून काखेत घेतल्या आणि एका नर्तकीसमोर थांबले. मेहुणा लगेच शेजारी उभा राहून म्हणाला, "पाव्हणं, ऊस खाता का? माझाच हाय." आणि त्याच नर्तकीच्या कमरेच्या उंचीवर बोट ठेवून, "एवढे एवढे कांडे हायत."

शेतात हुरडा झाला, वांग्याचं भरीत झालं, घरी जेवण झालं. तिथं नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बायकोचं माहेर होतं आणि तिला मला तोंडघशी पाडून का होईना, भावाचं मन राखायचं होतं. तिसरी टोपी आली. विहीणबाईंच्या पदरात इतके नारळ जमले होते की त्या चालताना आवाज व्हायचा. उन्हं कलली तसे व्याही घड्याळाकडं बघायला लागले आणि शेवटी म्हणाले, "बौद्ध लेणी आज होणार का?" एवढंच म्हणाले, पण बायकोचा चेहरा उतरला. त्या प्रश्नात मला आमची नात पुण्याच्या कुठल्याशा समर कॅम्पमध्ये मातीची भांडी करताना दिसली.

खरोशाच्या टेकडीवर पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. लेण्यांत पुरता अंधार. मी मोबाइलचा उजेड लावला. जांभा दगड झिजतो, मूर्तींचे चेहरे पुसट झालेले, आणि मी जेवढं पाठ केलं होतं ते सगळं चेहऱ्यांवरून होतं.

पण मी आता थांबणाऱ्यातला नव्हतो. एका लांबच लांब गुहेत भिंतीवरच्या मोठ्या आकृतीवर उजेड टाकला आणि आवाज लावला. "ही भगवान बुद्धांची ध्यानस्थ मुद्रा. डोळ्यांतली करुणा पाहा."

व्याही जवळ गेले. विहीणबाई जवळ गेल्या. बायको बराच वेळ बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "ह्यांना लई हात हायत."

उजेड वर नेला. हात होते, पुष्कळ होते, आणि त्यांतल्या काहींत शस्त्रं होती. ध्यानस्थ म्हणावं अशी ती मुद्राच नव्हती, कुणालातरी चांगलं बदडायच्या बेतात होती. मी म्हणालो, "म्हणजे ही दुसरी परंपरा. दोन्ही परंपरांचा संगम, असं इथं..." बाकीचं वाक्य वटवाघळांनी पुरं केलं. ओटी गाडीत कशी सोडायची म्हणून विहीणबाईंनी पदरात धरलेले नारळ सांडले आणि गुहेभर घरंगळत गेले. आम्ही चौघंही ओणवे होऊन, मोबाइलच्या उजेडात, देवांच्या पायाशी नारळ शोधत होतो.

एक नारळ शेजारच्या लहान गुहेच्या तोंडाशी गेला होता. तो घ्यायला व्याही गेले आणि परत आलेच नाहीत. आम्ही बघायला गेलो तर ते नारळ मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेले. समोर बुद्ध. झिजलेले, साधे, दोन हातांचे. मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. मग आम्हीही बसलो. लेण्यांच्या पहारेकऱ्यानं हाक मारली तेव्हाच उठलो. दिवसभरात आम्ही सलग पाहिलेली तेवढी एकच मूर्ती.

परतीच्या वाटेवर लातूर मागं पडलं, तेव्हा सुनेचा फोन आला. गाडी चालवताना व्याह्यांनी तो स्पीकरवर घेतला. मागून बायको दोन सीटांच्या मधून पुढं वाकली.

"बाबा, काय काय बघितलं?"

व्याह्यांनी समोरच्या ट्रकला वाट दिली. "देवळं अर्धी अर्धी बघितली. बुद्ध पूर्ण बघितले. माणसं मात्र जरा जास्तच बघितली."

"मग? मे महिन्याचं काय करायचं? पाठवू का तिला?"

"पाठव," व्याही म्हणाले. "इथं पोरगी एकटी पडेल, अशी भीतीच नाही. एकटी पडायला जागाच नाही. आणि तिच्याबरोबर आम्हीही येतो महिनाभर. मुखेडच्या मातृका राहिल्यात, निलंगा राहिलं."

"महिनाभर? त्या उन्हात?"

"लेणी गार असतात," विहीणबाई मागून म्हणाल्या. त्यांना नारळांचं काहीच वाटलेलं दिसत नव्हतं.

फोन संपल्यावर व्याही माझ्याकडं वळले. "एक अट आहे. पुढच्या वेळी आपण दोन तुकड्या करू. मी देवळात जाईन. तुम्ही त्याच वेळी सगळ्या नातेवाइकांना तुमच्या चुलतभावाच्या घरी गोळा करायचं आणि माझ्या वाटचंही खायचं. मी बघून होईपर्यंत एकालाही उठू द्यायचं नाही."

"दोन्ही भाऊ एका घरात बसणार नाहीत," मी म्हटलं.

"मग दोन्ही घरी खा."

मी बायकोकडं वळून बघितलं. वाटलं, नात मिळाली म्हणून ती हसत असेल. ती बोटांवर काहीतरी हिशेब करत होती.

"पाहुणे महिनाभर राहणार, मग खालच्या खोलीला कूलर घ्यावा लागंल," ती मला हळूच म्हणाली. "आन उद्या उठल्या उठल्या मुखेडला फोन लावा. तुमी मे महिन्यात जेवायला येऊन राहिले म्हणून सांगा. ग्रुपवर मात्र काही टाकू नका."

मी मान हलवली. गाइड म्हणून माझी नेमणूक त्या दिवशी रद्द झाली आणि पाहुणा म्हणून कायम झाली. मे महिन्यापर्यंत पोटाची तयारी करायची म्हणून दुसऱ्या दिवशीपासून मी फिरायला जाऊ लागलो.