भरतीची वेळ

मी बी.एस्सी. झालो तो वेंगुर्ल्यातल्या माझ्या विज्ञानाच्या सरांमुळे. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पुढे मी आरोंद्याला शिकवू लागलो आणि सरांच्या शाळेबरोबर आम्ही इंटरनेटवर एकच तक्ता भरू लागलो: आपापल्या धक्क्यावर भरती पूर्ण कधी झाली.

पण आम्ही संध्याकाळी भरलेल्या वेळा सकाळी बदललेल्या असायच्या, त्याही नेमक्या वेंगुर्ल्याशी जुळणाऱ्या.

"सर, आमचो टायम परत बदलल्यानी!" नववीतली एक मुलगी चिडून म्हणाली. "वेंगुर्लेकारांका आमचा बरा बघवत नाय!"

मलाही तिथल्या मुलांचाच संशय होता. शेवटी तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या उघडून पाहिल्या. प्रत्येक बदलापुढे सरांचं नाव होतं.

मी संगणक बंद केला आणि हातानं पत्र लिहिलं.

"सर, साष्टांग नमस्कार. आमच्या मुलांच्या वेळा चुकलेल्या नाहीत. समुद्राचं पाणी खाडीतून आरोंद्यापर्यंत चढायला वेळ लागतो, म्हणून आमची भरती तुमच्यानंतर होते. दिसेल तेच लिहायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. एकदा आमच्या धक्क्यावर मुलांसोबत उभे राहा. मग खुशाल खोडा. आपला विद्यार्थी."