हिराजीशेठच्या रिंगा

स्क्रू घट्ट बसला की नाही हे पाहण्यासाठी तो सैल करून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हिराजीशेठ तरे. मी समोर बसून घसा फोडून सांगायचो, "अहो, आत्ताच तर आवळलात!" त्यावर ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणायचे, "आवलला तं खरा, पन कवरा आवलला त्यो सैल केल्याबिगर कलनार कसा?" या प्रश्नाला जगात उत्तर असेल तर मला ते सापडलेलं नाही.

हिराजीशेठ कामतघरचे. बापजाद्यांच्या शेतात पुढे कापडाच्या लूमचे गाळे उभे राहिले, त्यांचं भाडं यायचं, त्यामुळे माणसाला वेळच वेळ. गणेशपुरीच्या अंगाला त्यांचं थोडं भात होतं. तिथे रानडुकरं फार म्हणून वडिलांनी परवाना काढून एक रायफल घेतली होती, ती पुढे रीतसर हिराजीशेठच्या नावावर झाली. डुकरं मारायचे दिवस संपले, तेव्हा ती बंदूक घेऊन ते आमच्या रायफल क्लबात आले. माझे नारपोलीत लूम आहेत. आठवडाभर खटखटाट ऐकून कान किटले की रविवारी क्लबात जायचं हा माझा एकमेव शौक. आमच्याकडे जोडीची स्पर्धा असायची: एकाने जमिनीवर पालथं झोपून तीनशे मीटरवर नेम धरायचा, दुसऱ्याने शेजारी तिपाईवरच्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगायचं. मी हिराजीशेठचा दुसरा. त्या काळात त्यांच्या नेमापुढे ठाणे जिल्ह्यात कोणी उभं राहत नसे, आणि ते मला 'वामन, तू नुसता बोल, मारायचं काम माजं,' असं म्हणत.

पंचावन्नी उलटली आणि त्यांना नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा तो दाणा, दिसेनासा झाला. आता बंदुकीवर दुर्बीण चढवायची, नाहीतर बंदूक कायमची कपाटात ठेवायची, दुसरा रस्ता नव्हता. बंदूक ठेवलेला हिराजीशेठ मला कल्पनेतही सहन होईना. म्हणून मीच मागे लागून मुंबईच्या दुकानातून त्यांना चांगली दुर्बीण घ्यायला लावली. ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझ्या बायकोला विचारा.

दुर्बीण बंदुकीवर नुसती ठेवता येत नाही. बंदुकीच्या पाठीवर आधी चिमट्यांनी धरलेली एक पट्टी, पट्टीवर दोन रिंगा, आणि रिंगांच्या पोटात दुर्बीण. मी तीनदा बजावलं होतं की दुर्बिणीची नळी तीस मिलीमीटरची आहे, रिंगा तशाच आणा. हिराजीशेठ एक इंचाच्या घेऊन आले. दुर्बीण आत जाईना. "जराशी घासली तं जाईल," म्हणाले. दुर्बीण घासणार होते की रिंग, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग योग्य मापाच्या रिंगा आल्या, पण उंच. डोळा दुर्बिणीपाशी न्यायचा तर गाल लाकडावरून उठायचा आणि मान बगळ्यासारखी ताणावी लागायची. हिराजीशेठनी लूमवरच्या कापडाची घडी करून दस्त्याला बांधली. बंदूक आजारी माणसासारखी दिसायला लागली. त्या बदलून बुटक्या रिंगा आणल्या, तर दुर्बिणीचं पुढचं तोंड बंदुकीच्या नळीला टेकलं. दोघांच्या मधून कागदाचा कपटा सरकला पाहिजे, हे त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं. झालं! लोडशेडिंगमध्ये माझे लूम बंद पडले की यांचा फोन: "वामन, कपटा घेऊन ये." कपटे काय यांच्या घरी नव्हते?

एकदा गेलो तर पडवीत वाशाला ओळंबा टांगलेला. बंदुकीचा बोल्ट काढून कपाटात ठेवलेला (चुकूनही गोळी सुटू नये म्हणून; त्या बाबतीत माणूस कडक), बंदूक दोन उशांवर, आणि हिराजीशेठ दुर्बिणीतली फुली ओळंब्याच्या दोरीशी जुळवतायत. बंदूक हातात घेऊन ते दोरीवर नेम धरत आणि दर वेळी वैतागून खाली ठेवत. "रिंग सैल हाय. बग, फुली नाचते." मी बघितलं. फुली जागच्या जागी होती. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुजा डोलाच भलता हाय." मी हात जोडले आणि घरी आलो.

शेवटी बंदूक घेऊन आम्ही मुंबईला त्या दुकानाच्या कारागिराकडे गेलो. म्हातारे उस्ताद होते. त्यांनी बंदूक उलटीपालटी केली आणि म्हणाले, "सेठ, ये चिमटेवाली पट्टी से काम नहीं होगा. चार सुराख करने पडेंगे. फिर दुर्बीन जिंदगीभर हिलेगी नहीं." मला वाटलं, सुटलो. पण हिराजीशेठचा चेहरा उतरला. त्यांनी बंदूक गुंडाळली. "बापसाच्या बंदुकीना भोकं? माजी आय माना घरात घेनार न्हाय. भोक पडलं का बुजत न्हाय, वामन."

स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. चिमट्याची पट्टी दर पाच गोळ्यांना सरकत होती आणि हिराजीशेठ दर पाच गोळ्यांना 'बग, मी सांगतच व्हतो' असं म्हणून जवळजवळ खूश होत होते. माझी सहनशक्ती संपली. ते घरी नसताना, त्यांना न सांगता मी सरळ त्यांच्या आईकडे गेलो.

आय नव्वदीच्या घरातल्या. ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं: दुर्बीण, रिंगा, चार भोकं. म्हटलं, तुम्ही परवानगी दिलीत तर बरं.

"मी कवा न्हाय बोलली?" आय म्हणाल्या. "माना कोनी इचारलंच न्हाय. आन् त्याच्या बापसाना काय त्या बंदुकीचं कवतिक? पट्टा तुटला तवा त्यानं लाकडात खिला ठोकलेला."

माझं डोकंच फिरलं. "मग हा माणूस वर्षभर मला का नाचवतोय?"

आयनी हातातला वाल सोलून टोपात टाकला. "बाला, तू त्याला च्या पिताना बगलास कवा? बशी दोन हातांनी धरतं त्यो. तरी सांडतं." मग दुसरा वाल उचलत म्हणाल्या, "बंदूक हालते म्हनून बरं हाय त्याचं. ती हालायची थांबली तं मंग हात हालताना दिसंल ना."

दुर्बिणीत लांबचं लक्ष्य मोठं दिसतं, तसं आपल्या हाताचं थरथरणंही मोठं दिसतं. ओळंब्यापुढे त्यांची फुली नाचत होती ती खरीच नाचत होती. त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला, कारण सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी त्यांना गाठून एवढंच म्हटलं, "आयना विचारलं मी. त्यांची ना नाही."

"इचारलंस?" म्हणाले. "बरा केलास." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उठून, मला न घेता, उस्तादांकडे जाऊन चार भोकं पाडून आले. पट्टी बसली, रिंगा बसल्या, दुर्बीण अशी बसली की बंदूक उचलून आपटली तरी हलू नये.

स्पर्धेच्या दिवशी ते सतरंजीवर पालथे झोपले, मी शेजारी तिपाईपाशी. हवा अगदी पडलेली होती. निशाणाजवळच्या, वारा दाखवणाऱ्या झेंड्याचं टोकही हलत नव्हतं. पहिली गोळी खाली डावीकडे. दुसरी वर, कडेला. तिसरी काळ्या वर्तुळात लागली. चौथी आणि पाचवी पुन्हा दोन दिशांना. पाच गोळ्या पाच गावांना गेल्या होत्या. मी जागा सांगत गेलो. शेवटी शेवटी माझाच आवाज मला ऐकवेना.

आता म्हणतील रिंग सैल आहे, असं मला वाटलं. म्हणावं, असं मनापासून वाटलं. मी मान डोलावणार होतो.

हिराजीशेठनी बोल्ट काढून बाजूला ठेवला. दुर्बीण मुठीत धरून जोरात हलवून बघितली. मग आजूबाजूच्या जोड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बंदूक एकदम बराबर हाय, वामन. मी हाललू."

"वारा होता थोडा," मी म्हणालो.

"वारा व्हता?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "दुर्बिनीशी तू बसलेलास. झेंडा हालताना दिसला तुना?"

"नाही."

"मंग?"

त्यानंतर ते कधी नेम धरायला झोपले नाहीत. बंदूक त्यांनी परवान्यासकट रीतसर जमा केली. पुढे आय गेल्या आणि त्यांच्यामागोमाग काही वर्षांत हिराजीशेठही. एक इंचाच्या रिंगा, कागदाचे कपटे, वर्षभराचा डोक्याला ताप, सगळं मी त्यांना केव्हाच माफ केलंय. पण त्या दिवशी, एकदाच, त्यांनी माझं ते खोटं चालवून घ्यायला हवं होतं.