कडबादादाचा रस्ता

कडबादादानं उभं केलेलं शिल्प म्हशीनं खाल्लं की तो खूश व्हायचा. "मुंबईत लोक नुसतं बघून जात्यात. इथं कुणाच्या तरी पोटात तर गेलं!" मुंबईत चित्र-शिल्पकला शिकलेला हा माणूस बायको-मुलीला घेऊन आमच्या वस्तीवर परत आला आणि ज्वारीच्या कडब्यातून बैल, रांजण, काय काय उभं करू लागला.

आमची वस्ती शिरूर अनंतपाळच्या पुढं, डोंगरातल्या खोऱ्यात. वाटेत ओढा, ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात पोरांना पलीकडच्या शाळेत जाता येत नाही, म्हणून शिकत्या पोरांचं एकेक घर लातूरला निघून जायचं. पूल झाला नाही तर वस्तीच उरणार नाही, हे शेंबड्या पोराला कळत होतं. सरकारला तेवढं कळत नव्हतं. मी निवेदनं द्यायचो, पत्रकं वाटायचो, तहसीलसमोर बसायचो. कडबादादा मला 'लीडर' म्हणायचा. "लीडर, सरकार कागदाला भीत न्हाई, पाव्हण्याला भितं. चार मोठ्या गाड्या आपल्या चिखलात फसू दे, मग बघ रस्ता कसा पळत येतो."

वेळअमावस्येला आमच्याकडं शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, घालून पूजा करतात, येईल त्याला जेवू घालतात. त्यानं वस्तीतल्या प्रत्येक शेतातल्या कोपीला निराळा आकार दिला. कुठं शंख, कुठं बसलेली गाभण गाय. सखूकाकू चिडल्या, "आरं बाबा, ह्या शंखात लक्ष्मी बसवू कुठं?"

"तुम्ही म्हणाल तिथं, काकू. दार तिकडं फिरवतो."

आणि खरंच फिरवलं. तो कुणाशी वादच घालत नसे. मला त्याचाच राग यायचा.

पण पाहुणे आले. आधी लातूर-नांदेडचे, पुढच्या वर्षी पुण्याचे. आमची डाळी-भाज्यांची भज्जी खाऊन, आंबील ओरपून, डोंगराच्या माथ्यावरून खालच्या कोपींचे फोटो काढून गेले. मागोमाग पुढारी आले. 'कलेतून विकास' असा फलक लागला आणि रस्ता मंजूर झाला. कडबादादानं मला पेढा भरवला. "आता तुझी पत्रकं चुलीत घाल," म्हणाला. मीही हसलो.

रस्ता आला. डांबरी, गुळगुळीत. आणि माथ्यावर, फोटो काढायच्या जागेपाशी थांबला. खाली ओढा होता तसाच.

"पर्यटनस्थळ इथंच संपतं," रस्त्याच्या कामावरचा साहेब म्हणाला. "खाली काय आहे?"

कडबादादाचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "खाली माणसं हायेत, साहेब!"

साहेबानं मान हलवली. फार समजूतदारपणे हलवली. वर्षभरात माथ्यावर फार्महाऊसं उभी राहिली. एकाच्या कमानीवर आमची शंखाची कोप रंगवली होती. मी विचारतो, हा विकास कुणाचा? आमच्या कोपी तुमच्या भिंतीवर, आणि आमची पोरं ओढ्याच्या अलीकडं अडकलेली! विचारतो खरा. पण उत्तर द्यायला कुणीच बांधील नाही, हे आता मलाही कळून चुकलंय.

त्या पावसाळ्यात कडबादादाची मुलगी दहावीला होती. ओढा उतरायचं नाव घेईना. ती रोज दप्तर घेऊन काठावर जायची आणि परत यायची. पाणी ओसरल्यावर दादा लातूरला जाऊन खोली बघून आला.

निघाला त्या दिवशी आम्ही त्याचं सामान डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला, चढ चढून माथ्यावर नेलं. टेम्पो उभाच होता. वहिनी आणि मुलगी पुढं बसल्या. दादा मागं सामानात चढला.

"आमचा थोरला भाऊ वस्ती सोडून गेला तवा टेम्पो पार लांब, मोठ्या सडकेला थांबला होता. डोक्यावर वाहून वाहून माना मोडल्या. आता इथवर येतो बघ, लीडर. सामान न्यायला लई सोयीचं झालं."

तो टोमणा मारत नव्हता. मारला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. रस्ता इतका चांगला होता, की टेम्पो एकदाही न हिंदकळता दिसेनासा झाला.