गोळीचं नाव

मोठ्या डॉक्टरांनी मला न विचारता माझ्या अंगावरची चादर ओढली.

मी उघडी होते. अंगाची साल निघत होती. पाठ, छाती, मांड्या. कापड चिकटायचं, म्हणून सिस्टरनी केळीच्या पानांवर निजवलं होतं, चादर वर लोखंडी कमानीवर टाकली होती. खाटेभोवती शिकाऊ पोरंपोरी उभी होती.

सर त्यांना म्हणाले, "या लोकांना कुणाच्याही हातची गोळी खायची सवय असते."

खोटं. मला झटके यायचे. भंडाऱ्यातल्या शिकलेल्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली होती. ती सुरू झाल्यावर ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले. बाबा त्याच डॉक्टरकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "गोवर असेल. गोळी चुकवू नका."

गावी, सिहोऱ्याला परतलो. शेजारीण मायला म्हणाली, "माता आली वो पोरीले. गोळ्या बंद कर, लिंबाचा पाला टाक."

मायनं ऐकलं नाही. आमच्या आजोबांनी देव सोडले, धम्म घेतला. माता-बिता आम्ही मानत नाही. मायनं स्वतःच्या हातानं गोळी दिली. वेळेवर. कातडी सुटायला लागली तेव्हा मला इकडे, मोठ्या दवाखान्यात आणलं.

त्या पोरांत एक मुलगी होती. माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची. तिचा हात सलग होता. बोटांपासून कोपरापर्यंत सलग कातडी. मी नुसती बघत राहिले. जळले.

सर इंग्रजीत काही लांबलचक बोलले. मग तिला विचारलं. तिनं उत्तर दिलं.

"शाब्बास."

माझ्या अंगावर तिला शाब्बासकी मिळाली. मला झालं काय, ते तिला कळलं होतं. मला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा हात पुन्हा चादरीकडे आला. मी चादर धरली. तळहाताची साल चादरीला चिकटली, तरी सोडली नाही.

"कोणत्या गोळीनं झालं मले हे? पहिले नाव सांगा, मंग चादर काढा."

"तुला सांगून काय कळणार?"

"तिले कळलं ना."

मग सर पुढच्या खाटेकडे गेले. ती मुलगी मागे थांबली. हळू म्हणाली, "कार्बामाझेपिन. अशा औषधानं एखाद्याची कातडी मरते आणि सुटते. पुन्हा कधीच घेऊ नका. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे नाव सांगा."

नाव मी पाठ केलं. आभार मानले नाहीत. तिच्याकडे देण्यासारखं काही होतं, याचाच मला हेवा वाटला.

जगले. अंगावर पांढरे-काळे डाग राहिले. डोळ्यांत पाणी बनत नाही. औषधाचे थेंब टाकायचे, चार पानं वाचायची, पुन्हा थेंब. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला एकदा बसले. नाही लागला नंबर.

बाबा म्हणतात, "जीव वाचला न बाई. आता कायले डोये फोडून राहिली?"

ती मुलगी आता चर्मरोगाची डॉक्टर होते आहे, असं ऐकलं. ऐकलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हा हेवा मी विझू देणार नाही. पुन्हा परीक्षेला बसते आहे. नंबर नाही लागला तर आणखी एकदा बसेन. चर्मरोगच शिकणार. औषधानं सुटणारी कातडी पहिल्या फोडाला ओळखायची आहे मला, गोवर म्हणून घरी पाठवायच्या आधी. आणि त्या मुलीच्या पुढे जायचं आहे. बरोबरीला नाही. पुढे.