अंगठाबाई आणि कंपनीचा डब्बा

"काकू, आज पाचपर्यंत दाखला नाई गेला तर सरकारसाठी तुमी मेल्या," अंगठाबाई म्हणाली. इंटरनेट कंपनीच्या नव्या डब्ब्यावरचा, म्हणजे मोडेमवरचा, लाल दिवा काही जात नव्हता. पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख, आणि तिच्या ओसरीत आम्ही बारा म्हाताऱ्या. खोटा धीर देणं तिला येत नव्हतं.

सेवा केंद्र तिचं. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. जन्मभर चिखलात धानाची रोवणी करून आमच्या बोटांच्या रेषा गेलेल्या. यंत्र आम्हाला ओळखत नसे. ती अंगठा कोमट पाण्यात बुडवी, पदराने खसाखसा पुशी आणि यंत्रावर असा दाबी की नख पांढरं पडे. मी ओरडले की म्हणे, "दुखते ना? म्हंजे जित्या आहा."

आधीचा डब्बा बंद पडला तेव्हा तिने कंपनीला फोन केला. "बंद करून परत चालू करा." तीन आठवडे ती तेच करत होती. माणूस आला नाही. मग म्हणाले, जुना डब्बा गोंदियाला आणून जमा करा. ती गेली, तर खोका नाही म्हणून परत पाठवली. तो खोका मीच वालाच्या बिया ठेवायला मागून नेला होता. बिया ओतून दिला आणि शिव्याही खाल्ल्या. दुसऱ्या खेपेला नवा डब्बा मिळाला. तो सुरू व्हायला म्हणे अजून दोन दिवस! डब्बा त्यांचा, वायर त्यांची, बिघाड त्यांचा, आणि खेटे हिने घालायचे.

गावात मोबाइलला रेंज नाही. तालुक्याला, अर्जुनीत, केंद्रांवरची रांग रस्त्यावर आलेली. तिने लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घातलं. "चला. ज्याच्यापायी मरून राहिल्या, त्याच्याच घरी जाऊ."

रेल्वेने गोंदिया गाठलं. कंपनीच्या काचेच्या ऑफिसात आम्ही सरळ गार फरशीवर बसलो.

"माताजी, यहाँ ये सब नहीं होता," काउंटरवरचा म्हणाला.

"होते. तुमचं नेट चालू आहे ना?"

"मैनेजर साहब से पूछना पड़ेगा."

"पूछ ना. तोवर पासवर्ड सांग."

आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बनाबाई खालूनच म्हणाली, "काऊन रे बापू, तुह्या आजीलेही असंच कागदावर मारलं काय?"

त्याने पासवर्ड दिला.

कंपनीच्याच कूलरचं पाणी घेऊन अंगठाबाईने एकेक अंगठा घासला. माझा सात वेळा नाकारला गेला. मी म्हटलं, सोड. ती खेकसली, "कायले सोडू? मरायले घाई आहे काय?" आठव्यांदा यंत्राने घेतला. पाचच्या आत बाराही दाखले गेले.

पुढच्या वर्षी काविळीने ती गेली. तीन आठवडे ज्या कंपनीला आमचं गाव सापडत नव्हतं, तिचा माणूस अंगठाबाईच्या जलदान विधीच्या दिवशीच डब्बा परत न्यायला दारात उभा. त्यालाही खोका पाहिजे होता. मी त्याला हाकलला.

त्या ऑफिसात गेलेल्या आम्ही बाराही जणी अजून जिवंत आहोत.