धारेवरची घरं

माझा डावा गुडघा डोंगरावर गेला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. तो गेला दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, शांपूच्या फेसावर घसरून. कॉलेजात असताना सह्याद्रीतले चाळीसेक किल्ले पालथे घातलेली बाई, आणि पडली कुठे, तर आंघोळ करताना! ऑपरेशननंतर वर्षभर मी लिफ्टशिवाय कुठे गेले नाही. लेक म्हणाली, "आई, बी रिअलिस्टिक. यू आर फिफ्टी-वन." नवऱ्याने माझे डोंगरातले बूट उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात टाकले. मला त्याचाच जास्त राग आला.

मग मी हट्टाला पेटले. सहा महिने इमारतीचे अकरा मजले जिन्याने चढले-उतरले. वॉचमन दर वेळी काळजीने सांगायचा, "मॅडम, लिफ्ट चालू है." जानेवारीत मी घरात जाहीर केलं, की रास अल खैमाच्या डोंगरातली एक लांब धार मी पार करणार आहे. चार शिखरं आहेत तिच्यावर. आणि जाणार एकटी.

"एकटी कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"बरोबर कोणी असलं की सगळे माझ्या गुडघ्याशीच बोलतात."

दोन दिवस वाद झाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही वगैरे ऐकून घेतलं. शेवटी शर्त ठरली. तो मला पहाटे धारेच्या अलीकडच्या टोकाला सोडेल, गाडी घेऊन वळसा घालून पलीकडच्या वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, जाऊन थांबेल. एकच्या आत मी उतरले, तर पुन्हा कधी तो मला अडवणार नाही. नाही उतरले, तर तो मदत बोलावेल, आणि यापुढे एकटीने डोंगराचं नाव काढायचं नाही. वादीत मोबाइलला रेंज येते, पण वर नसते, त्यामुळे मध्ये फोनबिन काही नाही. मी लगेच कबूल झाले. सात तास म्हणजे मला खिरापत वाटली.

सहाला झुंजुमुंजू होत असताना त्याने मला उतरवलं. "पाणी?" "चार लिटर." "यल्ला, निघ मग," तो म्हणाला, आणि मी वळून बघायच्या आत गाडी वळवली. काळजी लपवायची त्याची ही जुनी पद्धत आहे.

पहिला चढ उभा होता, पण दगड थंड होता आणि गुडघा गप्प होता. दीड तासात मी धारेवर आले. डावीकडे लांबवर समुद्राची राखाडी पट्टी, उजवीकडे डोंगरामागे डोंगर, आणि कुठेही एक हिरवं पान नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर आधी उघडे वाटतात. मग हळूहळू कळतं की इथे डोंगराचा सांगाडाच बघायला मिळतो. पहिल्या शिखरावर मी मोठ्याने हसले. दुसऱ्यावर खजूर खाल्ला आणि माझ्या गुडघ्याला शाबासकी दिली.

चुकले ती दुसऱ्या शिखरानंतर.

धारेवर जागोजागी दगडांवर दगड रचून ठेवलेले होते, चार-पाच दगडांच्या छोट्या उतरंडी. आपल्याकडे डोंगरावरच्या देवीला जाताना लोक असेच दगड रचतात, स्वतःचं घर होऊ दे म्हणून. मीही लग्नाआधी रचले होते. मला वाटलं, आपलीच माणसं येऊन गेली असणार. आखातात राहणाऱ्या कुठल्या मराठी माणसाला गावाकडे घर बांधायचं नसतं? मला अगदी भरून आलं. मनात म्हटलं, होऊ दे बाबांनो तुमची घरं, आणि पुढे चालू लागले. त्या वाटेच्या खुणा असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पूर्वी इथल्या ग्रुपबरोबर दोनदा डोंगरात आले होते, पण तेव्हा पुढच्याच्या पाठीकडे बघत चालले होते.

तिसऱ्या शिखराआधी दगडांची ती घरं डावीकडे, चढावर वळली. उजवीकडे मात्र शेळ्यांनी मळलेली सुरेख सपाट वाट होती. सह्याद्रीत आम्ही पहिला धडा हाच शिकलो होतो: वाट चुकलात तर ढोरवाट धरा, ती गावाला नाहीतर पाण्याला नेते. मी ऐटीत ढोरवाट धरली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पाऊण तासाने ती वाट एका खडकाच्या पट्टीवर संपली. रुंदी आमच्या बाल्कनीएवढी. पलीकडे कडा. तिथे शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि कातळाच्या सावलीत वाढलेलं एक खुरटं झुडूप, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत कुरतडलेलं. म्हणजे शेळ्या इतक्या लांब येत होत्या त्या या झुडपासाठी. गाव नाही, पाणी नाही. साडेदहा वाजले होते.

आणि खाली, अगदी पायाखाली वाटावी अशी, वादीत आमची पांढरी गाडी दिसत होती.

मी मनापासून घाबरले. गाडी दिसत असल्यामुळे जास्त घाबरले. पट्टीच्या कडेने एक घळ खाली गेलेली होती, सुट्या दगडांनी भरलेली. घळीतून उतरले असते तर अर्ध्या तासात गाडीपाशी, शर्त जिंकून. मी एक पाय टाकला. दगड सुटला, टणटण करत गेला, आणि मग बराच वेळ त्याचा आवाजच आला नाही. घळ मध्येच तुटलेली होती.

मी पाय मागे घेतला आणि खाली बसले. पाणी प्यायले. गुडघा आता चांगलाच ठणकत होता. स्वतःला दोन शिव्या दिल्या, त्यातली एक आजोळची खास होती. मग हिशोब सरळ झाला: आल्या वाटेने परत वर जायचं, शेवटच्या रचलेल्या दगडांपर्यंत. म्हणजे एक वाजून जाणार. म्हणजे मी हरणार, आणि बूट कायमचे वरच्या खणात. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं आणि चढायला लागले.

त्या दगडांपाशी पोचले आणि मग एकेक उतरंड शोधत निघाले. एकीवरून दुसरी दिसायची, दुसरीवरून तिसरी. तिसरं शिखर, चौथं शिखर, मग डोंगराची वादीकडे उतरती सोंड. माझ्याआधी कोणीतरी इथे उन्हात थांबून, वाकून, अनोळखी माणसासाठी दगड रचला होता. एका ठिकाणी उतरंड ढासळली होती. वेळ नव्हता तरी मी ती पुन्हा रचली.

वादीत उतरले तेव्हा दोनला वीस मिनिटं कमी होती. नवरा गाडीला टेकून उभा होता. गळ्यात दुर्बीण होती.

"फोन केलास?" मी विचारलं.

"नाही."

मी भडकलेच. "का नाही? मी मेले असते वर! नियम म्हणजे नियम ना?"

"एक वाजता तू त्या सोंडेवर दिसत होतीस. दिसणाऱ्या माणसाला शोधायला कोणाला बोलावू?" त्याचा आवाज बसलेला होता. "त्या कड्यावर तू आलीस तेव्हापासून बघतोय. घळीत पाय टाकलास तेव्हा नंबर लावून अंगठा बटणावर ठेवला होता. मग तू मागे झालीस. बसलीस. पाणी प्यायलीस. आणि परत वर निघालीस."

मी दगडावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "ठीक आहे," मी म्हटलं, "हरले मी. ठेव परत वरच्या खणात."

त्याने थर्मासमधला चहा ओतला, कप माझ्या हातात दिला आणि माझ्या बुटांतली खडी झटकू लागला.

"घसा फुटेस्तोवर ओरडलो, घळीत उतरू नको म्हणून," तो म्हणाला. "आवाज पोचतच नाही तिथपर्यंत. पुढच्या वेळी आपण दोन शिट्ट्या घेऊ. एक तुला, एक मला."