पडद्याकडे पाठ

तारवाले काका बाईमाणसाशी बोलायचे ते पाठ फिरवून. आमच्या दवाखान्यातलं हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायचं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. यंत्र पडद्याच्या अलीकडे टेबलावर, पेशंट पलीकडे खाटेवर आणि पडद्याखालून तारा गेलेल्या. पलीकडे बाई निजलेली असली, की काका पडद्याकडे पाठ करून बसत आणि भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं सांगत, "हं बाई, आता हलू नका!" पडदा जाड हिरव्या कापडाचा, त्यातून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी पाठ ती पाठच!

सत्तरच्या दशकाचा शेवट. भंडाऱ्याकडच्या माणसांना त्या यंत्राची धास्ती फार. तारा दिसल्या की भलेभले गडी हातपाय आखडून घेत. "करंट तं नाई ना लागत जी?" काका म्हणत, "आमी कायले करंट देऊ? तुमच्या छातीत हाय तोच कागदावर उतरवून घेतो." बायांना ते हातातल्या बांगड्या कधी काढायला लावत नसत. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वरून रुमाल बांधायचा, ही त्यांची रीत. "बांगडी काढाले लावली तं बाईचं दिल घाबरून धावन, मंग कागद खोटा निघन," असं ते मला बजावत.

अडचण पुढेच होती. हातापायांचे पट्टे काका सोबतच्या बाईकडून बांधून घेत, पण नंतर छातीवर एक रबरी फुगा फासळ्या मोजून जागोजागी चिकटवायचा असे. पुरुषाच्या हातून ते बायांना नको, आणि नर्सबाईंना वॉर्डातून फुरसत नाही. मग बायांची पट्टी हातापायांवरून निघे तेवढीच. छातीची राहून जाई. काका त्यावरून जाम चिडत. "माणसाले पूर्ण कागद अन् बाईले अर्धा! बाईचं दिल काय अर्धं हाय?" शेवटी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी या कामाला एक मुलगी मिळवलीच. ती मी. करडी गावची, मॅट्रिक पास. बाबांनी मला पाठवलं ते अटीवर. महिनाअखेरीला मी काढलेली पट्टी डॉक्टर बघतील. त्यांना पसंत पडली तर नोकरी, नाहीतर मुकाट्यानं घरी. घरी साकोलीचं एक स्थळ ठाण मांडून बसलेलं होतं, आणि मला काही केल्या ते नको होतं.

पण शिकवायचं कसं? काका पडद्याआड येणार नाहीत, आणि सरावाला बाई आणायची कुठून? दुसऱ्याच दिवशी काका घरून काकूंनाच घेऊन आले. दुपारी गर्दी ओसरली, की काकू खाटेवर आडव्या, मी फुगा घेऊन उभी आणि बाहेरून काकांचा पुकारा, "चौथी फासळी मोज वं! घाई नको करू!" स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा ते आत येत नसत. "घरी ते माही बायको. इथं पेशंट." झालं, विषय संपला. काकूंची मात्र चंगळ. "लगन झाल्यापासून दुपारी पाठ टेकवाले भेटली ते इथंच," असं म्हणून त्या खुशाल डोळे मिटून घेत.

एकदा मी काकूंच्या उजव्या हाताची तार डाव्या हाताला बांधली. त्यांच्या समोर उभी होते ना, माझा उजवा तोच त्यांचा उजवा धरला. कागदावर लाटा उलट्या उमटल्या. बाहेरून आवाज आला, "अवं पोरी, आमच्या घरवालीचं दिल उजवीकडे कधी राहाले गेलं?" काकू इतक्या हसल्या, की पुढचा कागद सगळा वाया गेला.

माझी ती चूक डोक्यात होती, म्हणूनच परीक्षेच्या आदल्या दुपारी काका माझ्यावर खेकसले. "फुगा चुकला. पुन्हा लाव." मी फासळ्या मोजून पुन्हा लावला. "अवं, तेच! मधल्या लाटा उलट्याच येऊन राहिल्या. उद्या डॉक्टर पाहणार हाय ना?" साकोलीचं स्थळ दारात उभं दिसायला लागलं. देवाचं नाव घेऊन परत लावला. बाहेरून नुसता कागद टरकावल्याचा आवाज आला.

बोलल्या त्या काकू. "पोरीवर कायले ओरडता? तिनं बराबर लावलं असन. मलेच दाटून येऊन राहिलं."

"दाटून म्हणजे?"

"घागर आणताना येते ना, तेच. मांगं सांगतलं होतं तुमाले, तं तुमी ओवा खा म्हटलं."

काका पडद्याच्या आत आले. मी तर बाजूलाच सरले. त्यांनी फुगा काढला, स्वतःच्या हातानं फासळ्या मोजल्या आणि तो परत नेमका मी लावला होता तिथंच लावला. मला म्हणाले, "बाहेर जाऊन बटन दाब." मी दाबलं. कागद सरकत आला, मधल्या लाटा तशाच उलट्या. आत नेऊन दिला. काकांनी तो पाहिला, काकूंचा पदर सारखा केला.

"पास झाली वं तू," ते म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. मला रडूच फुटलं. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते असं कोणी सांगतं का?

डॉक्टरांनी तो कागद पाहून त्याच दुपारी काकूंना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. औषधं लागू पडली आणि काकू सावरल्या. घागर मात्र काकांनी पुन्हा त्यांच्या हाती लागू दिली नाही. नळावर बायांच्या रांगेत आता काका उभे राहत. बाया तोंडाला पदर लावून हसत, काका आपले खाली बघत. साकोलीचं स्थळ आल्या वाटेनं परत गेलं.

पुढे काही वर्षांनी काका रिटायर झाले. हार घातले, पेढे वाटले, तरी हा माणूस यंत्राजवळून हलायला तयार नाही. तेवढ्यात कोंढ्याचा एक शेतकरी छातीत दुखतं म्हणून आला. मी त्याची पट्टी काढली, चांगली निघाली. त्याची बायको बाहेर फरशीवर पिशवी सांभाळत बसली होती. पायऱ्या चढून तिला लागलेली धाप अजून थांबली नव्हती. काकांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"बाईले आत पाठवा."

"तिले काहून जी?" तो गडी हसला. "तिले काईच नाई झालं."

"मीबी असंच म्हणत होतो, भाऊ," काका म्हणाले.